रेकॉर्डिंगमागचा 'सूं' आवाज पुन्हा पुन्हा का येतो? डायनॅमिक रेंज, गोंगाट आणि गेनचा हिशेब

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "माईक नवा घेतला, केबल बदलली, इंटरफेससुद्धा (माईक कॉम्प्युटरला जोडणारं खोकं) बदलला. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा मागे सूं सुरू." सोलापुरात ही तक्रार करणारे तऱ्हेतऱ्हेचे लोक असतात. जुळे सोलापुरात घरच्याच खोलीत क्लासचे व्हिडिओ करणारे सर असतात, पूर्व भागातलं एखादं भजनी मंडळ असतं, होटगी रोडला पॉडकास्ट सुरू केलेली कॉलेजची मुलं असतात. सामान वेगळं, बजेट वेगळं, दुखणं मात्र एकच. उपाय केला की गेल्यासारखं वाटतं आणि पुढच्या रेकॉर्डिंगला परत हजर.

माझं म्हणणं आधीच सांगतो. माईकपासून फाईलपर्यंतच्या साखळीत गोंगाट पाच-सहा ठिकाणी तयार होतो, पण कानाला ऐकू येतो तो त्यातला सर्वांत मोठा. तो सोडून दुसरा कुठलाही कमी केला तरी फरक कळत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मोठा कोणता ते शोधायचं. त्यासाठी एक एक्सएलआर कनेक्टर (माईकच्या केबलला असतो तो तीन पिनांचा), १५० ओहमचा एक रेझिस्टर आणि शांतपणे बसायला थोडा वेळ एवढंच लागतं.

छत आणि तळ

कुठल्याही इलेक्ट्रॉनिक सिग्नलला वर एक छत असतं आणि खाली एक तळ. छताला आवाज लागला की लाटेचा माथा कापला जातो. त्यालाच आपण क्लिप झालं म्हणतो. तळाशी गोंगाटाचा थर असतो, त्याच्याखालचं काही ऐकू येत नाही. या दोहोंमधली उंची म्हणजे त्या यंत्राची डायनॅमिक रेंज. मोजायची डेसिबलमध्ये: व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डीबी, दहापट झालं की २० डीबी, हजारपट झालं की ६० डीबी.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोळ याच ठिकाणी होतो. डायनॅमिक रेंज ही यंत्राची कुवत असते. तुमच्या प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये आवाज तळापासून किती वर आहे, ते सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर. इंटरफेसच्या खोक्यावर ११० डीबी छापलेलं असतं आणि तुमच्या फाईलमध्ये जेमतेम २५ डीबी सापडतात. खोक्यावर खोटं लिहिलेलं नसतं. उरलेले ८५ डीबी वाटेत कुठेतरी गेलेले असतात.

आता गेनचं बटण, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते ठरवणारं. गेन वाढवला की आवाज वाढतो, आणि गेनच्या आधी मिसळलेला गोंगाटही तेवढाच वाढतो. माईकपर्यंत पोहोचलेली पंख्याची घरघर गेनमुळे आवाजापासून वेगळी होत नाही. गेनचा उपयोग फक्त गेनच्या पुढे मिसळणाऱ्या गोंगाटावर होतो, म्हणजे मिक्सरच्या पुढच्या टप्प्यांचा किंवा अॅनालॉगचं डिजिटल करणाऱ्या चिपचा स्वतःचा गोंगाट. आवाज आधीच मोठा करून पाठवला की तो त्या गोंगाटाच्या बराच वर राहतो. पण माईकच्या बाजूचा गोंगाट एकदा पुढच्या गोंगाटाच्या वर आला की त्यानंतरचा गेन काही देत नाही. तो फक्त छत जवळ आणतो. गेन फिरवून फिरवून सूं जात नाही याचं कारण एवढंच.

एका साध्या आवाजाचा हिशेब

आकडे घालून पाहू, म्हणजे कोण किती दोषी ते कळेल. बोलणारा माणूस माईकपासून ३० सेंटिमीटरवर, नेहमीच्या आवाजात बोलतोय. तिथे आवाजाची पातळी साधारण ७० डेसिबल. माईक शुअर एसएम५८ सारखा, भजनी मंडळापासून राजकीय सभेपर्यंत सगळीकडे दिसणारा. त्याची संवेदनशीलता पास्कलला १.८५ मिलिव्होल्ट. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल. त्या हिशेबाने ७० डेसिबलला माईकमधून साधारण ०.१२ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. एवढ्याशा व्होल्टेजवर पुढचं सगळं उभं राहायचं असतं.

प्रीअँप म्हणजे इंटरफेस किंवा मिक्सरमधला, माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा पहिला टप्पा. चांगल्या प्रीअँपचा स्वतःचा गोंगाट, इनपुटवर मोजला तर, सुमारे उणे १२८ डीबीयू (०.७७५ व्होल्टला शून्य धरून मोजलेले डेसिबल) असतो, म्हणजे ०.३ मायक्रोव्होल्ट. तो कितीसा? याच माईकच्या हिशेबात बदलून पाहिला तर १८ डेसिबलच्या खोलीइतका. एवढी शांत खोली घरात मिळत नाही. पंखा चालू असलेल्या खोलीत ४५ डेसिबलच्या आसपास आवाज सहज असतो. पंखा बंद, रात्रीची वेळ, खिडक्या लावलेल्या, तरी ३० च्या खाली जाणं अवघड.

म्हणजे पंख्याखाली रेकॉर्डिंग करणाऱ्याकडे ७० वजा ४५, अवघे २५ डीबी उरतात. प्रीअँपचा गोंगाट खोलीच्या गोंगाटाच्या २७ डीबी खाली आहे. त्याने कितीही महागाचा प्रीअँप आणला तरी फाईलमध्ये काही बदलणार नाही. उलट अगदी हलक्या प्रतीचा, उणे ११५ डीबीयूचा प्रीअँप असेल, तर तो ३१ डेसिबलच्या खोलीइतका गोंगाट करतो. पंखा बंद करून रात्री रेकॉर्डिंग करणाऱ्याला तो नक्की नडेल. एकाच इंटरफेसबद्दल एक जण म्हणतो "काही दोष नाही" आणि दुसरा म्हणतो "फार सूं करतो". दोघांचंही बरोबर असतं. त्यांच्या खोल्या वेगळ्या आहेत.

आता गोंगाटांची बेरीज. स्वतंत्र गोंगाट व्होल्टेजने मिळत नाहीत, शक्तीने मिळतात. दोन सारखे गोंगाट एकत्र आले की एकूण ३ डीबीने वाढ होते. एक दुसऱ्यापेक्षा ६ डीबी लहान असेल तर वाढ १ डीबीची. १० डीबी लहान असेल तर फक्त ०.४ डीबी. म्हणजे १० डीबी लहान असलेला गोंगाट तुम्ही पैसे खर्चून पूर्ण नाहीसा केला, तरी मिळकत ०.४ डीबी, आणि ती कानाला कळत नाही. "केबल बदलली पण फरक नाही" या वाक्यामागे बहुधा हेच गणित असतं. केबल खराबही असू शकते, पण त्या घडीला ती पहिल्या क्रमांकाची दोषी नव्हती.

दुखणं परत का येतं तेही यातूनच कळतं. मोठा गोंगाट घालवला की दुसऱ्या क्रमांकाचा वर दिसू लागतो. माणसाला वाटतं तोच परत आला. खरं तर तो वेगळा असतो, आणि बहुतेक वेळा त्याची जातही वेगळी असते.

मोठा गोंगाट शोधायचा क्रम

क्रम मोडू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुणामुळे काय झालं ते कळत नाही.

सुरुवातीला नेहमीच्या मांडणीत, नेहमीच्या गेनवर, कुणीही न बोलता वीस सेकंद रेकॉर्ड करा. त्याची सरासरी पातळी सॉफ्टवेअरमध्ये बघून लिहून ठेवा. ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे.

मग गेनला हात न लावता माईक काढा आणि त्याच्या जागी रेझिस्टर बसवलेला कनेक्टर लावा: एक्सएलआर कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाग देऊन टाकायचा. फँटम पॉवर (इंटरफेसमधून माईकला जाणारी वीज) बंद ठेवा. प्रीअँपला माईक जोडल्यासारखंच वाटतं, पण खोलीचा आवाज आत येत नाही. पुन्हा वीस सेकंद रेकॉर्ड करा. इनपुट नुसतं मोकळं सोडून मोजू नका, मोकळं इनपुट जास्त गोंगाट करतं आणि निष्कर्ष चुकतो.

आता दोन आकडे समोर ठेवा. रेझिस्टर लावल्यावर पातळी १० डीबी किंवा त्याहून जास्त खाली गेली, तर दोष इंटरफेसमध्ये नाही. खोलीत, माईकमध्ये किंवा केबलमध्ये आहे, आणि बहुतेक वेळा खोलीतच. पातळी जवळपास तेवढीच राहिली तर प्रीअँप किंवा त्याच्या पुढचं काहीतरी दोषी आहे. अशा वेळी गेन पूर्ण खाली आणा. गोंगाट गेनबरोबर खाली गेला तर तो प्रीअँपच्या पहिल्या टप्प्यातला. गेला नाही, तर गेनच्या पुढचा: चिपचा, वीजपुरवठ्याचा किंवा यूएसबीतून येणारा.

तिसरी चाचणी विजेची. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, तेच वीस सेकंद पुन्हा घ्या. शक्य असेल तर घरातला मेन स्विच बंद करूनही एकदा. घूं असा आवाज बंद झाला तर पुढचा विजेचा भाग वाचा.

या सगळ्यात आपल्या कानांचाही उपयोग करा. खोलीचा आवाज हलता असतो, त्यात पंख्याची लय, रिक्षा, शेजारचा मिक्सर सापडतो. प्रीअँपचा सूं एकसारखा, पावसासारखा असतो. विजेची घूं एका सुरात धरून राहते, कारण ती ५० हर्ट्झची किंवा त्याच्या पटीतली असते. टिर्र-टिर्र असा तुटक आवाज जवळ ठेवलेल्या मोबाईलचा असतो, तो दूर नेला की काम झालं.

खोली दोषी निघाली तर

दहातले बरेच जण इथेच येऊन थांबतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे माईक जवळ आणणं. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबी वाढतो, खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. ३० सेंटिमीटरवरून १५ वर आलात की ६ डीबी, साडेसातवर आलात की १२ डीबी. एवढा फायदा बाजारातलं कुठलंही नवं यंत्र देत नाही. जवळ आल्यावर खर्ज फुगतो, म्हणून ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खर्जाचे सूर कापणारा फिल्टर) लावा. त्याने पंख्याची खालची घरघरही जाते. प-फ-भ चा फटका बसू नये म्हणून माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता जरा बाजूला.

"कंडेन्सर माईक खोलीचा आवाज जास्त ओढतो" हे वाक्य मी सतत ऐकतो. ते असं नाही. कंडेन्सर म्हणजे विजेवर चालणारा, जास्त संवेदनशील माईक. त्याची संवेदनशीलता पास्कलला १०-२० मिलिव्होल्ट असते, त्यामुळे त्यातून आवाज आणि खोली दोन्ही मोठे बाहेर येतात. त्यांच्यातलं गुणोत्तर माईकच्या अंतरावर आणि तो कुठल्या दिशेचं ऐकतो यावर ठरतं. फरक वाटतो तो वापरामुळे: डायनॅमिक माईक (एसएम५८ सारखा, वीज न लागणारा) आपण ओठांना लावून वापरतो आणि कंडेन्सर हातभर दूर ठेवतो. दोन्ही सारख्या अंतरावर ठेवून, पातळी सारखी करून ऐका.

दिशेचा फायदा घ्यायला मात्र शिका. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माईक, पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो. छताला पंखा आहे आणि माईक टेबलावरून वर, तोंडाकडे रोखलेला आहे, म्हणजे त्याने पंख्याकडेच तोंड केलंय. बूम स्टँड (आडव्या दांड्याचा) घ्या, माईक कपाळाच्या उंचीवर लावा आणि खाली तोंडाकडे रोखा. आता त्याची पाठ पंख्याकडे आहे.

आता मागांबद्दल. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी या भागात राहणाऱ्यांना यंत्रमागांच्या खटखटीची सवय असते, माईकला नसते. मागांच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. भिंतीतून गाळून येईपर्यंत त्यातला वरचा भाग जातो आणि खालची धडधड उरते. काही जण खोलीत चारी भिंतींना सोलापुरी चादरी लावतात. चादरी जरूर लावा, दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटं सुट्या. खोलीतला घुमारा त्या छान शोषतात आणि आवाज जवळचा, स्वच्छ वाटतो. पण चादर बाहेरचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं: जाड भिंत, भरीव दार, फटी बुजवलेली खिडकी. मागांची धडधड जमिनीतूनही येते, त्यासाठी स्टँडच्या पायांखाली जाड रबर ठेवा आणि माईकला शॉकमाउंट (हादरे अडवणारा लवचीक धारक) लावा. यानेही भागलं नाही तर पाळी बदलण्याच्या सुमाराची किंवा सुट्टीच्या दिवसाची वेळ धरा. पैसे न लागणारा उपाय आहे, म्हणून त्याला कमी लेखू नका.

उन्हाळ्यात कूलरचा प्रश्न येतो. खोली आधी थंड करून घ्या, कूलर-पंखा बंद करून दहा मिनिटांचा तुकडा रेकॉर्ड करा, पुन्हा थंड करा. मे महिन्यात हे सोपं नाही, पण २५ डीबीचे ४० डीबी होतात ते यानेच.

विजेची घूं

हा गोंगाट वेगळ्या जातीचा. तो यदृच्छ नसतो, ठरलेल्या सुरांत असतो: ५०, १००, १५० हर्ट्झ आणि पुढे. त्यामुळे पातळीने कमी असूनही कानाला जास्त टोचतो.

पहिला संशयित पंख्याचा रेग्युलेटर. एकसंध फिरणारा रेग्युलेटर बहुधा ट्रायॅकचा असतो. तो विजेची लाट प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात कापतो आणि त्या काठांमधून वरपर्यंत घर्र पसरते. कट-कट करत पायरीने फिरणारा बहुधा कपॅसिटरचा असतो, तो हा त्रास देत नाही. बदलायला फार खर्च नाही. दुसरा संशयित इन्व्हर्टर. वीज गेल्यावर घूं वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा.

तिसरा म्हणजे ग्राउंड लूप. मिक्सर एका सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, आणि दोघांमध्ये ऑडिओ केबल. आता अर्थिंगला दोन वाटा झाल्या आणि त्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह सिग्नलमध्ये मिसळतो. सगळं सामान एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून घ्या. तरी घूं राहिली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा ऑडिओ आयसोलेटर मध्ये टाका; दोन्ही आवाज पुढे जाऊ देतात, पण दोन यंत्रांमधला तारेचा थेट संबंध तोडतात. हार्मोनियमच्या पिकअपला किंवा कीबोर्डला लांबलचक साधी केबल असेल तर तिथेही डीआय बॉक्स लावून पुढे बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेला गोंगाट वजा करता येणारी, दोन सिग्नल-तारांची) न्या.

एक गोष्ट अजिबात करू नका: घूं जाते म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणं. मांडवांमध्ये मी हे अनेकदा पाहिलं आहे. घूं खरंच जाते, आणि त्याबरोबर गाणाऱ्याचं संरक्षणही जातं. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन बॉडीला करंट आला तर तो माईकच्या जाळीतून ओठांपर्यंत येतो. पावसाळी मांडवात, ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घाला, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. ते सुरक्षिततेसाठी. लूपमुळे आलेली घूं त्याने जाईलच असं नाही, तिचा उपाय वर सांगितला तोच.

गेन कुठे द्यायचा

बेल लॅब्समधल्या हॅराल्ड फ्रिसने १९४४ साली रेडिओ रिसीव्हरच्या संदर्भात दाखवून दिलं की, साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा गेन पुरेसा असेल तर एकूण गोंगाट मुख्यतः त्या पहिल्या टप्प्यावर ठरतो. पुढच्यांचा वाटा पहिल्याच्या गेनने भागला जातो. रेडिओचं हे गणित भजनी मंडळाच्या मिक्सरला तसंच्या तसं लागू पडतं.

मंडळांच्या साउंडमध्ये हमखास दिसणारी मांडणी अशी: शिट्टी वाजेल या भीतीने चॅनेलचा गेन कमी, मग आवाज पुरत नाही म्हणून मास्टर फुल्ल, ॲम्प्लिफायरही फुल्ल. बुवा बोलायचे थांबले की स्पीकरमधून सूं. आवाज मिक्सरमध्ये शिरताना लहान ठेवला, वाटेतला प्रत्येक गोंगाट त्यात मिसळू दिला आणि शेवटी दोन्ही एकदम मोठे केले. उलटं करा. ॲम्प्लिफायर खाली आणा, मास्टर '०' लिहिलेल्या खुणेवर ठेवा, बुवांना खऱ्या आवाजात गायला लावून चॅनेलचा गेन मीटर शून्याच्या आसपास खेळेल इतका वाढवा, आणि शेवटी ॲम्प्लिफायर हवा तेवढाच उघडा. बऱ्याच मिक्सरमध्ये शून्याच्या वर १८ डीबीच्या आसपास मोकळी जागा असते, तेव्हा मीटर शून्यावर गेला म्हणून घाबरू नका. शिट्टीचा संबंध एकूण गेनशी आणि स्पीकरच्या जागेशी आहे; गेन पुढून काढून मागे टाकल्याने ती कमी होत नाही.

रेकॉर्डिंगसाठी २४ बिटवर (बिट म्हणजे आवाजाचा प्रत्येक नमुना किती बारकाईने लिहायचा ते) सरासरी उणे १८ ते २० डीबी आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ ते १० डीबीच्या मध्ये राहील असा गेन ठेवा; इथे शून्य म्हणजे डिजिटलचं छत. याहून वर ढकलण्यात काही मिळत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. वरच्या हिशेबातला ०.१२ मिलिव्होल्टचा आवाज या पातळीला आणायला ६५-७० डीबी गेन लागतो, आणि स्वस्त इंटरफेसचा गेन ५०-५५ ला संपतो. मग माणूस सॉफ्टवेअरमध्ये वाढवतो. असा तुमचा प्रकार असेल तर माईक जवळ घ्या, किंवा कंडेन्सर घ्या, त्याने थेट २० डीबीच्या आसपास मिळतात.

मोबाईलवर करणाऱ्यांसाठी: शांततेत सूं हळूहळू वर येतो आणि बोलायला लागलं की दबतो, असं होत असेल तर तो फोनचा आपोआप चालणारा गेन आहे. तो बंद करता येणारं रेकॉर्डिंग ॲप वापरा.

वरचं टोक: गड्ड्याचं रेकॉर्डिंग

आतापर्यंत तळाचं झालं. संक्रांतीच्या दिवसांत, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत म्हणजे गड्ड्यात, नेमकी उलटी तक्रार येते. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला संमती वाचन चालू असताना गर्दी थबकलेली असते, आणि पुढच्या क्षणी हजारो कंठांतून जयघोष उठतो. शेजारी हलगी असेल तर विचारूच नका. वाचन नीट यावं म्हणून गेन वाढवला तर जयघोष फाटतो. जयघोष सांभाळला तर वाचन तळाला जातं.

फोनमधल्या चिमुकल्या माईकचा स्वतःचा गोंगाट साधारण ३० डेसिबलच्या खोलीइतका आणि सहनशक्ती १२० ते १३० डेसिबलपर्यंत. म्हणजे ९० ते १०० डीबीची रेंज, जी या कामाला कागदावर पुरते. पण हलगीच्या शेजारी उभं राहिलात तर माईकची पडदीच छताला लागते. तिथे ॲपमध्ये गेन कमी करून उपयोग नाही, कारण लाट गेनच्या आधीच कापली गेली आहे. चार पावलं मागे सरका.

रेकॉर्डर असेल तर त्यात सेफ्टी ट्रॅकची सोय आहे का बघा: तोच आवाज १० ते २० डीबी कमी पातळीवर दुसऱ्या ट्रॅकवर घेतला जातो आणि फाटलेला तुकडा तिथून उचलता येतो. हल्ली मिळणारे ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर हेच काम आतल्या आत करतात, एक कन्व्हर्टर (अॅनालॉगचं डिजिटल करणारी चिप) लहान आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी. फाईलच्या पद्धतीत १५०० डीबीहून जास्त रेंज मावते, म्हणून जाहिरातीत "गेनची चिंता नको" असं म्हणतात. कन्व्हर्टरपुरतं ते बरोबर आहे. माईकची सहनशक्ती आणि माईकजवळची गर्दी त्याने बदलत नाही.

बिट, ऊन आणि सॉफ्टवेअर

बिट वाढवून सूं जातो का? प्रत्येक बिटमागे ६.०२ डीबी, अधिक १.७६, असा आदर्श कन्व्हर्टरचा हिशेब. १६ बिटला ९८ डीबी, २४ बिटला १४६. पण १४६ डीबी प्रत्यक्षात कुणालाच मिळत नाही; सर्किटच्या स्वतःच्या गोंगाटामुळे चांगले कन्व्हर्टरसुद्धा ११० ते १२० वर थांबतात. पंख्याखालच्या २५ डीबीच्या रेकॉर्डिंगला सीडीचे १६ बिटच खूप झाले. २४ बिट वापरा ते यासाठी की गेन सैल ठेवून छतापासून लांब राहता येतं. जुन्या भारुडांच्या, कीर्तनांच्या कॅसेट डिजिटल करणाऱ्यांनाही हेच: साध्या कॅसेटची रेंज ५०-५५ डीबीची, त्यातला सूं टेपवरच आहे. तिथे मेहनत घ्यायची ती हेड (प्लेअरमधला टेप वाचणारा भाग) स्पिरिटने पुसण्यात आणि त्याचा कोन जुळवण्यात.

"उन्हाळ्यात सूं वाढतो" हेही ऐकतो. रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनच्या उष्ण हालचालीतून गोंगाट निघतो, हे खरं. जॉन जॉन्सनने तो मोजला आणि हॅरी नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ चे. १५० ओहमच्या रेझिस्टरचा, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, तो ०.२२ मायक्रोव्होल्ट येतो. त्याच्याखाली कुठलाही प्रीअँप जाऊ शकत नाही. पण हा गोंगाट निरपेक्ष तापमानावर चालतो. २० अंशांवरून ४३ अंशांवर गेलं तरी २९३ केल्विनचे ३१६ होतात, फरक ०.३ डीबी. तो कुणाला ऐकू येणार नाही. उन्हाळ्यात वाढलेला सूं म्हणजे कूलर, वाढवलेला पंखा आणि उघड्या खिडक्या. कॅमेऱ्याचं मात्र वेगळं आहे: सेन्सरमधला डार्क करंट दर सहा-आठ अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणून तापलेल्या कॅमेऱ्यात रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये ठिपके खरोखर वाढतात.

नॉइज रिडक्शनचं सॉफ्टवेअर शेवटी वापरा आणि थोडं वापरा. ते शांत जागेतला सूं मोजून सगळ्या फाईलमधून वजा करतं. ६ ते १० डीबीपर्यंत सहसा चालून जातं, त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि स-श-ष खाल्ले जातात.

इतकं करूनही अडकलात तर मदत मागताना नुसतं "सूं येतो" लिहू नका. नेहमीच्या मांडणीतली वीस सेकंदांची शांतता, रेझिस्टर लावून घेतलेली, आणि चार्जर काढून घेतलेली, अशा तीन फाईल एकाच गेनवर घेऊन पाठवा. सोबत माईकचं नाव, तोंडापासूनचं अंतर, गेनचं बटण कुठे होतं आणि खोलीत पंखा चालू होता की बंद, एवढं लिहा. एमपी३ करू नका, वेव्ह फाईलच पाठवा. एमपी३ बारीक गोंगाट स्वतःच गाळून टाकतं आणि मग बघायला काही उरत नाही.